कारखाना सफाईला थांबला, तर ओरडू नका, विचारा!

शेतकरी बंधूंनो, चिंचपोकळी-लालबागच्या गिरण्यांत आपल्यापैकी कित्येकांचे वडील, चुलते राबले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यानंतर तिथली धुराडी एकेक करून थंडावली. पण गिरणीत बॉयलरवर काम केलेल्या कुणालाही आज विचारा. तो सांगेल, नळीला थर धरला की जळण वाढतं आणि वाफ घटते.

घरच्या बंबाचंच बघा ना. बोअरचं पाणी जड असेल तर आत क्षाराचा थर बसतो. मग तेवढंच पाणी तापवायला लाकडं जास्त लागतात. साखर कारखान्यातही हेच घडतं. ज्यूस हीटर आणि इव्हॅपोरेटर यांच्या नळ्यांतून उसाचा रस जातो आणि बाहेरून वाफ त्याला तापवते. रसातला चुना व इतर क्षार नळीला आतून चिकटतात.

सफाईची वेळ आली हे ओळखायचं कसं? वाफ तेवढीच, पण रस पूर्वीइतका तापत नाही. हीटरमधून निघताना तो साधारण १०२ ते १०५ अंशांवर असायला हवा. रस आत शिरतानाचा आणि बाहेर पडतानाचा दाब यांतलं अंतर वाढतं. पाक पातळ राहतो. बगॅस जास्त जळतो. आणि वाफेच्या पाण्यात साखरेचा अंश सापडला, तर नळी फुटली असं समजा. ते पाणी बॉयलरमध्ये जाता कामा नये.

यात आपलं काय जातं? गाळप मंदावतं, गाड्या आवारात ताटकळतात, तोडलेला ऊस वाळतो. उताऱ्याला फटका बसतो, आणि उसाचा दर तर उताऱ्याशीच बांधलेला आहे. फडात उभा ऊस तोडीची वाट बघत राहतो तो वेगळाच.

म्हणून कॉस्टिक सोडा उकळून नळ्या घासण्यासाठी कारखाना थोडा वेळ थांबला, तर तो वेळ वाया गेला असं मानू नका. सफाई लांबवणं जास्त महागात पडतं. बॉयलरची तपासणी कायद्यानं होते. रसाच्या नळ्यांकडे मात्र कारखान्यालाच लक्ष द्यावं लागतं. सभासदांनी वार्षिक सभेत एवढंच विचारावं: तापमान आणि दाब यांची नोंद रोज होते का? मागची सफाई कधी झाली?

गावच्या दूध शीतकरण केंद्रालाही हाच प्रश्न लागू आहे. दूध ४ अंशांवर यायला रोजच्यापेक्षा जास्त वेळ लागू लागला, तर सरपंच, सचिवांनी आधी प्लेटा उघडून बघायला सांगावं.