बटण, बटण, बटण



गेल्या चवथीला सुर्ल्याला गेलो, तेव्हा पहिल्याच सकाळी काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. सोप्यावरून पेपरचा आवाज येत नव्हता. आमचे काका पेपर मोठ्याने वाचायचे, कोणी ऐको न ऐको. आधी निधनवार्ता, मग खाणी कधी सुरू होणार त्याची बातमी.

काचबिंदूने काकांची नजर बरीचशी नेली होती. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने निघतो, काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही. डॉक्टरांनी हे सांगितल्यापासून काका गप्पगप्प झाले होते. काकी हळूच म्हणाली, "यंदा नाटकाच्या तालमीलाही गेले नाहीत." हे ऐकून मला धस्स झालं. गावच्या जत्रेच्या नाटकात काका वर्षानुवर्षं प्रॉम्प्टर. विंगेत वही घेऊन बसायचं आणि नट अडखळला की शब्द पुरवायचा. आता वहीच दिसेना.

मला हा रस्ता ठाऊक आहे. रेटिनायटिस पिगमेंटोझामुळे मी बी.ई.च्या तिसऱ्या वर्षापासून स्क्रीन रीडर वापरतो. कॉम्प्युटरवर माझा एनव्हीडीए असतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने तो 2006 मध्ये लिहायला घेतला आणि आजही तो मोफत मिळतो. ऑफिसातलं सगळं कोडिंग मी त्यावरच करतो. तेव्हा काकांना पॉडकास्ट लावून देणं म्हणजे दहा मिनिटांचं काम, असं मी धरून चाललो. पॉडकास्ट म्हणजे आपल्यासाठी थांबून राहणारा रेडिओ. त्यात बघण्यासारखं काही नाही, मग अडचण कसली?

अडचण दारातच होती. कार्यक्रम कानांचा असला तरी तिथे पोचायची वाट काचेवरून जाते. मी घाईत एक नावाजलेलं ॲप टाकलं, टॉकबॅक चालू केला आणि फोन काकांच्या हाती दिला. त्यांनी बोट उजवीकडे सरकवलं. आवाज आला, "बटण." पुन्हा सरकवलं. "बटण." पुन्हा, "बटण." ॲप बनवणाऱ्याने बटणांना नावंच दिली नव्हती. डोळ्यांना त्रिकोण दिसतो, कानांना काय कळणार? त्यात बोलण्याचा वेग मी माझ्या सवयीचा ठेवलेला, म्हणजे घोडदौड.

"हें कोण उलयता रे?" काका वैतागले आणि फोन खाली ठेवत म्हणाले, "तूच लाव. मी ऐकतो."

हे वाक्य कॉलेजात मीही मित्रांना सांगत असे. ते ऐकायला समजूतदार वाटतं. पण मग दुसऱ्याला सवड असेल तेव्हा आणि तो निवडेल तेवढंच ऐकायचं. काकांचं तसं होऊ द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात केली. तुमच्या घरात कोणाला शिकवायचं असेल, तर हाच क्रम धरा.

आधी टॉकबॅकचा वेग कमी करा आणि भाषा मराठी ठेवा. दोन्ही व्हॉल्यूमची बटणं एकदम तीन सेकंद दाबली की टॉकबॅक चालू-बंद होईल, अशी सोय सेटिंगमध्ये करता येते. ती करून ठेवा. एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते आणि दोनदा टॅप केलं की ती उघडते. पहिला दिवस एवढंच.

मग ॲप. मी ॲन्टेनापॉड टाकलं. मोफत आहे, खातं उघडावं लागत नाही, आणि मुख्य म्हणजे बटणं नावाने बोलतात. झोपताना आपोआप बंद व्हायचा टायमरही त्यात आहे.

कार्यक्रम एकच निवडा. आम्ही बीबीसी मराठीचा 'सोपी गोष्ट' घेतला. एका भागात एकच विषय. दहा कार्यक्रम भरून दिले तर यादीतच माणूस हरवतो.

शेवटची युक्ती सगळ्यांत उपयोगी. नव्या टॉकबॅकमध्ये दोन बोटांनी दोनदा टॅप केलं की चालू असलेला कार्यक्रम थांबतो, पुन्हा केलं की सुरू होतो. बटण शोधायलाच नको. आयफोनच्या व्हॉइसओव्हरमध्येही हीच खूण चालते.

भाग सुरू झाला, पण मधेच टॉकबॅक मोठ्याने बोलू लागला. काका ताडकन म्हणाले, "अरे, हा तुझा प्रॉम्प्टर नटापेक्षा मोठ्याने ओरडतो!" मी हसलो, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. टॉकबॅकच्या आवाजाचा व्हॉल्यूम वेगळा असतो. तो त्यांनीच त्यांच्या कानाने लावला, अगदी विंगेतल्याइतका.

एक गोष्ट मला फार जड गेली. काका चाचपडत असताना त्यांच्या हातातला फोन ओढून न घेणं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो. तुम्हीही बसा.

आणि सख्ख्या नात्यात कोणाला काचबिंदू असेल, तर स्वतःचे डोळे तपासून घ्या. सुरुवातीला तो कळतच नाही. बाबांना मी परवाच पाठवलं.

चवथीनंतर पंधरा दिवसांनी काकांचा फोन आला. मला वाटलं, काही अडलं असणार.

"काल एक भाग लावला," ते म्हणाले. "कंटाळवाणा होता. अर्ध्यातच बंद केला."

"कोणी बंद करून दिला?"

"कोण देणार? मीच केला. दोन बोटांनी."

मग त्या भागात काय काय चुकलं होतं, ते मला वीस मिनिटं ऐकवलं. तालमीचं मी विचारलं नाही. पण फोन ठेवताना काकाच म्हणाले, "ती नाटकाची वही असते ना, ती ह्याच्यात घालता येते का रे?"