५५ हजारांचा क्लास, १०० डॉलरची परीक्षा

गेल्या आठवड्यात पेपरात घालून आलेलं पत्रक आपल्या तालुक्यात बहुतेकांनी पाहिलं असेल. 'क्लाउड शिका, ३ महिन्यांत आयटीत लागा. १०० टक्के नोकरीची हमी. ॲमेझॉनचं सर्टिफिकेट. फी फक्त ५५ हजार, हप्त्याची सोय.' वर सूट घातलेला मुलगा, मागे ढग. बारावीचा निकाल लागला की मेडिकलची पत्रकं येतात, डिग्रीचा लागला की ही.

क्लासचं नाव घेत नाही. एकाचं घेतलं की बाकीचे 'आम्ही त्यातले नाही' म्हणून मोकळे होतात, आणि धंदा सगळ्यांचा तोच आहे.

आधी हिशेब. ॲमेझॉनच्या क्लाउड विभागाची, म्हणजे एडब्ल्यूएसची, अगदी पहिल्या पायरीची परीक्षा म्हणजे 'क्लाउड प्रॅक्टिशनर'. फी १०० डॉलर. कर धरून साधारण दहा हजार रुपये. ६५ प्रश्न, ९० मिनिटं, सगळे पर्याय निवडायचे. त्यातल्या १५ प्रश्नांचे गुण धरतच नाहीत, ते कंपनी पुढच्यासाठी तपासून बघत असते. कोणते ते मात्र सांगत नाही. १००० पैकी ७०० ला पास. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नापास झालात तर १४ दिवसांनी पुन्हा बसता येतं, फी मात्र पुन्हा भरायची. पास झालात तर ते ३ वर्षं चालतं. पदवीची अट नाही. क्लासची तर नाहीच नाही.

तयारीचा खर्च? एडब्ल्यूएसच्या स्वतःच्या 'स्किल बिल्डर' साइटवर या परीक्षेचा मूळ कोर्स फुकट आहे. सरावाचे अधिकृत २० प्रश्न फुकट आहेत. अभ्यासक्रमाची पुस्तिका फुकट आहे आणि तिच्यात कोणत्या भागाला किती वजन तेही छापलंय: तंत्रज्ञान आणि सेवा ३४ टक्के, सुरक्षा ३०, मूळ कल्पना २४, बिल आणि दर १२. मायक्रोसॉफ्टच्या अशाच पहिल्या परीक्षेचं साहित्यही त्यांच्या साइटवर फुकट पडलंय.

मग पत्रकातले वरचे ४५ हजार कशाचे?

'नोकरीच्या हमीचे', असं उत्तर मला एका संचालकांनी दिलं. ठीक आहे, त्याच पुस्तिकेत बघू. तिच्यात स्पष्ट म्हटलंय की ही परीक्षा क्लाउडशी जेमतेम सहा महिन्यांची ओळख असलेल्यासाठी आहे आणि यात कोडिंग किंवा रचना करण्याचं कौशल्य तपासलं जात नाही. म्हणजे हे लर्निंग लायसन आहे. लर्निंग लायसनवर एसटीत ड्रायव्हर म्हणून लावून देतो असं कुणी म्हटलं तर आपण त्याला चहासुद्धा पाजणार नाही. इथे मात्र बाप सोसायटीचं कर्ज काढून हप्ते भरतोय. ती 'हमी' लेखी मागून बघा. पावतीच्या मागे बारीक अक्षरात 'प्लेसमेंट असिस्टन्स' लिहिलेलं सापडतं. असिस्टन्स म्हणजे काय, तर व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिराती पुढे ढकलणं.

दुसरी बनवाबनवी सर्टिफिकेटची. कोर्स संपला की क्लास एक जाड कागद देतो. सोनेरी कडा, ढगाचं चित्र, 'एडब्ल्यूएस' मोठ्या अक्षरात आणि खाली क्लासचा शिक्का. पोरगं ते फ्रेम करून घरात लावतं. ते ॲमेझॉनचं नसतं! तो कोर्स पूर्ण केल्याचा क्लासचा दाखला असतो, त्याला कंपनीत किंमत शून्य. खऱ्या परीक्षेत पास झालेल्याला 'क्रेडली' नावाच्या साइटवर डिजिटल बॅज मिळतो. त्याची लिंक असते, ती कुणीही उघडून नाव आणि तारीख बघू शकतं. एवढी सोपी खूण असताना आपल्याकडे कुणी ती विचारत नाही, आणि क्लासवाले कशाला सांगतील?

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. यातले बरेच क्लास शिकवतच नाहीत, 'डंप' पाठ करून घेतात. डंप म्हणजे परीक्षेतून चोरून बाहेर आणलेले प्रश्न. पेनड्राइव्हवर देतात, वर 'हे चारशे केले की झालं' म्हणून सांगतात. परीक्षेला बसताना उमेदवार ज्या करारावर 'मान्य' दाबतो, त्यात हे सरळ सरळ निषिद्ध आहे. पकडला गेला तर सर्टिफिकेट रद्द, पुढच्या परीक्षांना बंदी. बंदी कुणाला? पोराला. क्लासच्या नावाचा तिथे कुठेच उल्लेख नसतो. आणि नाही पकडला गेला तर? पुण्यात मुलाखतीला समोरचा विचारतो, 'मशीन सुरू केलंयस, पण ब्राउझरमध्ये साइट उघडत नाही. आधी काय बघशील?' चारशे उत्तरं पाठ असलेलं पोरगं तिथे गप्प बसतं. त्याने ते मशीन कधी सुरूच केलेलं नसतं.

आपण लातूर पॅटर्नच्या मुलखातली माणसं. परीक्षेची तयारी म्हणजे प्रश्न पाठ, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की दुसरं काही असू शकतं हेच पटत नाही. या विषयाची गंमत अशी की तो आपल्याच पोरांना सगळ्यात लवकर कळायला हवा.

म्हणजे बघा. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर तासावर भाड्याने घेणं. ट्रॅक्टर विकत घेणं परवडत नाही म्हणून आपण तासाने नांगरून घेतो, डिझेल, दुरुस्ती मालकाकडे. झालं, अर्धा पहिला धडा संपला. आता दराचा भाग. लागेल तेव्हा, लागेल तेवढं मशीन घेतलं तर ते रोजंदारी, दर जास्त. १ किंवा ३ वर्षांचा शब्द दिला तर ते सालगडी ठेवल्यासारखं, दर बराच कमी, पण काम असो नसो पैसे द्यायचे. तिसरा प्रकार 'स्पॉट'. मार्केट यार्डातून रिकामा परतणारा टेम्पो असतो ना, स्वस्तात माल घेतो, पण मालकाचा फोन आला की 'उतरवा' म्हणतो. एडब्ल्यूएस उतरवायच्या आधी २ मिनिटांची सूचना देतं. कोणतं काम कशावर टाकायचं, असे प्रश्न या परीक्षेत येतात. ज्याच्या घरी खरिपात मजूर लावायचे हिशेब होतात त्याला हे शिकवायला ५५ हजार लागतात?

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी, निकाल जाहीर झाल्या झाल्या साइट अडकते हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. वर्षभर ओस, एका तासाला लाखोंची झुंबड. त्या तासापुरती मशीनं आपोआप वाढली आणि गर्दी ओसरली की कमी झाली पाहिजेत, याला क्लाउडच्या भाषेत 'इलॅस्टिसिटी' म्हणतात. सुरक्षेची जबाबदारी कुणाची, यावर हमखास प्रश्न असतो. बँकेच्या लॉकरसारखं समजा. इमारत, तिजोरी, पहारा बँकेचा. चावी कुणाकडे दिली आणि आत काय ठेवलं ते तुमचं. एडब्ल्यूएस जागा, यंत्रं, वीज सांभाळतं. तुमचा पासवर्ड, तुमची परवानगी, तुमचा डेटा उघड्यावर राहिला तर तो तुमचा दोष. आणि हा ढग आभाळात नाही बरं का. एडब्ल्यूएसची यंत्रं मुंबईत २०१६ पासून आहेत, मायक्रोसॉफ्टची पुण्यात त्याच्याही आधीपासून.

एवढं समजलं की खातं उघडून हात घालायचा. मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी लावायची, लगेच बजेटचा अलार्म लावायचा, मग एक छोटं मशीन सुरू करून त्यावर गावच्या जत्रेचं एक पान टाकायचं आणि झोपायच्या आधी सगळं बंद करायचं. बंद करायचं राहिलं तर मीटर रात्रभर पळतं, शेतातली मोटर राहिल्यासारखं. हे क्लासमध्ये करून घेत नाहीत, कारण शिकवणाऱ्यालाच बिलाची भीती असते.

आता भाषेचं. खरा धंदा इथे आहे. परीक्षा इंग्रजीत आहे. जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिशमध्येही आहे, मराठीत नाही. क्लासवाले हीच भीती विकतात: 'तुझ्याने एकट्याने होणार नाही रे.' पण इंग्रजी ज्याची मातृभाषा नाही त्याला इंग्रजीतल्या परीक्षेसाठी ३० मिनिटं जादा मिळतात, फुकट. अट एकच, परीक्षेची तारीख घ्यायच्या आधी आपल्या खात्यातून ती सवलत मागायची. ९० ची १२० मिनिटं होतात. गेल्या महिनाभरात क्लासला जाणाऱ्या ज्या ज्या पोराला मी विचारलं, त्यातल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं. पंचावन्न हजारांत एवढी एक ओळ बसली नाही.

आणि खात्यावर नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका. आपल्याकडे कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे नुसतं इनिशियल. जुळलं नाही तर परीक्षेला बसूच देत नाहीत. घरून द्यायची तर खोली रिकामी लागते, कॅमेरा चालू लागतो, मध्ये उठायचं नाही, पुटपुटायचं नाही, दुसरं कुणी आत आलं की संपलं. दोन खोल्यांच्या घरात आणि आपल्या लाइटच्या भरवशावर हे करू नका. शहरातलं सेंटर घ्या, एसटीचं भाडं परवडेल.

क्लास बंद करा असं माझं म्हणणं नाही. चांगला शिकवणारा असेल तर त्याने पैसे घ्यावेत, बिनधास्त घ्यावेत. पण पोरं क्लासकडे ढकलली जातात कुणामुळे? एडब्ल्यूएसचा 'ॲकॅडमी' नावाचा कार्यक्रम कॉलेजांना फुकट मिळतो, अभ्यासक्रम आणि सरावाच्या प्रयोगशाळेसकट. आपल्या किती कॉलेजांनी अर्ज केलाय? प्राचार्यांना फोन करून विचारा, मी दोघांना विचारलं. एकांनी 'कमिटीपुढे ठेवू' म्हटलं, दुसऱ्यांनी क्लासवाल्याचंच गेस्ट लेक्चर ठेवलंय म्हणून सांगितलं. लॅबमध्ये चाळीस कॉम्प्युटर आहेत, चारनंतर कुलूप. नगरपालिकेच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं पहाटेपासून जागा धरून बसतात, तिथे वायफाय नाही. ते ४० कॉम्प्युटर रात्री आठपर्यंत उघडे ठेवायला फार तर एका शिपायाचा ओव्हरटाइम लागेल. पुढच्या सभेला नगरसेवकांनी हा विषय घ्यावा, बातमी मी लावतो.

काल एका क्लासवाल्यांचा फोन आला होता. 'तुमच्या पेपरला वर्षाची जाहिरात देतो आणि तुम्ही असं लिहायला निघालात?' जाहिरातीचं बिल ऑफिसशी बोला म्हटलं. बाकी त्यांना आणि त्यांच्या सगळ्या भावाबंदांना माझं एकच सांगणं आहे. गेल्या वर्षी तुमच्याकडे फी भरलेल्यांपैकी जे खरोखर पास झाले त्यांच्या क्रेडली बॅजच्या लिंक, त्यांची परवानगी घेऊन, या पोस्टखाली टाका. पन्नास नको, दहा टाका. एकेक उघडून बघतो आणि जितक्या खऱ्या निघतील तितक्या याच भिंतीवर तुमच्या नावानिशी छापतो.