जगली, हा तिचा गुन्हा झाला काय?

बाळंतपणात बाई दगावली की सरकार खडबडून जागे होते. माता मृत्यू अन्वेषण बसते, कागद हलतात, जिल्हाधिकाऱ्यांपुढे झाडाझडती होते. व्हायलाच हवी! पण तीच बाई रक्ताच्या थारोळ्यातून वाचली आणि तिला वाचवण्यासाठी गर्भपिशवी काढावी लागली, तर? टाके सुकले की हातात डिस्चार्ज कार्ड आणि घरची वाट. मग पुढे तिचे काय झाले, हे विचारणारा एकही मायेचा पूत आरोग्य खात्यात नसावा?

आमचा रोख शस्त्रक्रिया करणाऱ्यांवर नाही. पिशवी आकसत नाही, फाटते, किंवा वार आधीच्या सिझेरियनच्या व्रणात रुतून बसते; रक्त थांबत नाही, तेव्हा दुसरा इलाज उरत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जालना-बीडकडून अत्यवस्थ बाळंतिणी येतात. रात्री-अपरात्री त्यांचा जीव राखणाऱ्या हातांना आमचा नमस्कारच आहे. सवाल आहे तो मुंबईत बसलेल्या डोक्यांना.

संमतीपत्रावर सही नवऱ्याची, बाईला कळते ते शुद्धीवर आल्यावर, कधी तर सासूच्या तोंडून. मग डोळा लागला की रक्त दिसते. बाळाला जवळ घ्यावेसे वाटत नाही. नवरा दुसरी करील, ही धास्ती काळीज कुरतडते. आणि बाळही गेले असेल तर? त्यावर गावचे शहाणे ‘आता ही बाईच राहिली नाही’ असा निकाल देऊन मोकळे! अशा शस्त्रक्रियेत अंडाशय बहुधा शाबूत ठेवतात, बाई एका रात्रीत म्हातारी होत नाही, हे तिला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून मराठीत सांगायला कोणता निधी मंजूर व्हावा लागतो? आशाताई ४२ दिवसांत सहा-सात वेळा त्या घरी जाते, बाळाचे वजन घेते, ताप पाहते. आईच्या मनाचा ताप पाहण्याचे काम कोणाच्या गळ्यात बांधले आहे?

बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा बाजार उघडा पडला, तेव्हा २०१९ मध्ये विधिमंडळ गाजले, समिती नेमली गेली. ८२ हजारांवर महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. २०२३ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रियांबाबत सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना निर्देश दिले. तो संताप रास्तच होता. पण जिची पिशवी काढणे खरोखरच भाग होते, तिच्या वाट्याला संतापही नाही आणि समितीही नाही!

मरणाच्या दारातून परतलेल्या मातांचा आढावा घ्या, अशी मार्गदर्शिका केंद्राने २०१४ मध्येच काढली होती. ती कोणत्या कपाटात कुजते आहे? मराठवाड्याच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात विचारावे: गेल्या वर्षी किती बाळंतिणींच्या पिशव्या काढाव्या लागल्या, आणि त्यांतल्या कितीजणींशी मानसोपचारतज्ज्ञ एकदा तरी बोलला? ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही.