भाऊबंदकी आणि चुरस

कुही येथील एका सुशिक्षित एकत्र कुटुंबांतून आमच्याकडे एक प्रश्न आला आहे. घरांतील वडील मंडळींचें तारुण्य सुनील गावसकर व दिलीप वेंगसरकर यांच्या खेळाचीं वर्णनें ऐकण्यांत गेलें. मुंबईचा संघ तो आपलाच, ही त्यांची भावना. नातवंडें मात्र विदर्भाच्या बाजूचीं. रणजी करंडकाच्या सामन्यांत मुंबई हरली म्हणजे मुलें टाळ्या पिटतात आणि आजोबांस तें रुचत नाहीं. ‘एकाच राज्यांतील, एकच भाषा बोलणाऱ्या बंधूंच्या पराभवाचा आनंद मानणें हा घरभेद नव्हे काय?’ असा त्यांचा सवाल आहे. प्रश्न वरवर खेळाचा दिसतो. परंतु तो खेळापुरताच नाहीं, म्हणून त्याचा येथें विचार करूं.

महाराष्ट्र राज्य एक असलें तरी क्रिकेटच्या नकाशावर त्याचे संघ तीन आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. याचें मूळ जुन्या प्रांतरचनेंत आहे. 1934 सालीं ही स्पर्धा सुरू झाली तेव्हां नागपूर हें मध्यप्रांत व वऱ्हाड यांत मोडत होतें. विदर्भाचा संघ 1957-58 मध्यें प्रथम उतरला. पुढें 1960 सालीं महाराष्ट्र राज्य झालें, तरी विदर्भ मध्य विभागांत व मुंबई पश्चिम विभागांत खेळत राहिली, त्यामुळें उभयतांची गांठ क्वचितच पडे. त्या काळीं बरोबरीचा प्रश्नच नव्हता. मुंबईनें 1958-59 पासून 1972-73 पर्यंत करंडक लागोपाठ 15 वेळां जिंकला. विदर्भास पहिल्या करंडकासाठीं 2018 साल उजाडावें लागलें.

शेजाऱ्यांची चुरस ही मराठी मुलुखास नवी नाहीं. विदर्भाचा संघ निघण्यापूर्वींच मुंबई व महाराष्ट्र यांचे सामने गाजत होते. 1949 च्या मार्च महिन्यांत पुण्यास झालेला उपांत्य सामना पाहावा. मुंबईच्या धांवा 651 आणि 8 बाद 714. महाराष्ट्राच्या 407 आणि 604. मुंबई 354 धांवांनीं जिंकली. एकूण धांवा 2376 व शतकें नऊ. प्रथम श्रेणीच्या कोणत्याही सामन्यांत याहून अधिक धांवा झालेल्या नाहींत. पराभव समोर दिसत असतां चौथ्या डावांत 604 धांवा काढणाऱ्या त्या संघास मुंबईद्वेष्टा कोण म्हणेल? त्याच्या चिकाटीमुळेंच मुंबईच्या विजयास मोल आलें.

आतां विदर्भाकडे वळूं. 2018 च्या जानेवारींत इंदूर येथें फैज फजल याच्या संघानें दिल्लीस हरवून पहिला करंडक आणला. त्या सामन्यांत रजनीश गुरबाणी यानें लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. परंतु या संघास घडविणारे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हे मुंबईचे, आणि फलंदाजीचा अनुभवी आधार वसीम जाफर हाही मुंबईचाच. दुसऱ्याच वर्षीं सौराष्ट्रास नमवून विदर्भानें करंडक राखला, तेव्हांही हे दोघे संघासोबत होते. ज्याच्याशीं झुंजावयाचें त्याच्याच घरची विद्या आपण घेतली, हें मुलांनीं विसरूं नये.

नंतरच्या दोन लढती तर कालपरवांच्या. 2024 च्या मार्चमध्यें वानखेडे मैदानावर अंतिम सामना झाला. विदर्भाचा पहिला डाव 105 धांवांत आटोपला. जिंकण्यास 538 धांवा हव्या असतां कर्णधार अक्षय वाडकर (102) व हर्ष दुबे (65) यांनीं शेवटच्या दिवशीं उपाहारापर्यंत गडी पडूं दिला नाहीं. अखेर मुंबई 169 धांवांनीं जिंकली आणि तिच्या घरीं 42 वा करंडक गेला. पुढल्याच वर्षीं, 2025 च्या फेब्रुवारींत, नागपुराजवळील जामठ्याच्या मैदानावर उपांत्य फेरींत पुन्हां गांठ पडली. यश राठोड यानें दुसऱ्या डावांत 151 धांवा केल्या, फिरकी गोलंदाजांनीं अजिंक्य रहाणे व सूर्यकुमार यादव यांच्यासारखे फलंदाज परतविले आणि विदर्भ 80 धांवांनीं विजयी झाला. अंतिम सामन्यांत केरळावर पहिल्या डावांत आघाडी घेऊन त्यानें तिसरा करंडक मिळविला. वानखेड्यावरील पराभव पचविला, म्हणूनच जामठ्याचा विजय हातीं आला, असें आम्हांस वाटतें.

आतां मूळ प्रश्न. भाऊबंदकी म्हणजे शेजाऱ्याच्या शेताचा बांध कोरणें. चुरस म्हणजे त्याचें पीक पाहून आपल्या शेतांत अधिक राबणें. विदर्भाच्या मनांत मुंबईविषयीं जुनी सल आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. 1953 चा नागपूर करार आणि त्यानंतरचा अनुशेषाचा वाद कुहीच्या घरांतही बोलला जात असेल. परंतु त्या तक्रारींचें स्थान सभागृहांत व मतपेटींत आहे; तीं गाऱ्हाणीं चेंडूफळीवर लादलीं तर गाऱ्हाणेंही सुटत नाहीं आणि खेळही नासतो.

आजोबांस आमची विनंति अशी कीं, मुलांच्या टाळ्यांस त्यांनीं घरभेद समजूं नये. आपल्या मातींतील मुलें मोठ्यांस भिडतात याचा हर्ष स्वाभाविक आहे, आणि मुंबईविषयींच्या त्यांच्या आदरास त्यामुळें बाध येत नाहीं. मुलांस मात्र एक कसोटी सांगतों: मुंबईच्या फलंदाजानें सुरेख चौकार मारला असतां तुमचे हात टाळीसाठीं उठतात काय? उठत असतील तर तुमची चुरस निर्मळ आहे. पुढच्या सामन्यास आजोबांनीं व नातवंडांनीं एकत्र बसावें आणि दोन्ही संघांच्या धांवा एकाच वहींत मांडाव्या. वही आजोबांनीं धरावी, आंकडे मुलांनीं सांगावे.