दयेचा अर्ज आणि आपण



रिचमंडचा पूल ओलांडून सॅन राफेलकडे जाताना डाव्या हाताला खाडीकाठी सॅन क्वेंटिनचा तुरुंग दिसतो. १३ डिसेंबर २००५ रोजी मध्यरात्रीनंतर तिथे स्टॅन्ली ‘टूकी’ विल्यम्सला विषारी इंजेक्शन देऊन देहदंड देण्यात आला. त्याच्या आधी काही दिवस माझा एक सहकारी दयेच्या अर्जाला पाठिंबा देणारे पत्र घेऊन माझ्याकडे आला होता. मी सही केली नाही. ग्रीन कार्ड यायचे होते, हे तेव्हा सांगितलेले कारण. खरे कारण दुसरेच होते.

विल्यम्स हा लॉस एंजेलिसच्या ‘क्रिप्स’ टोळीच्या संस्थापकांपैकी एक. १९७९ मधल्या चार खुनांबद्दल १९८१ मध्ये तो दोषी ठरला. मेलेल्यांमध्ये दुकानातला एक तरुण नोकर होता आणि मोटेल चालवणारे एक स्थलांतरित कुटुंब होते : आई, वडील, मुलगी. मोटेलच्या काउंटरमागे रात्र काढणारी कितीतरी भारतीय कुटुंबे आपल्या ओळखीची आहेत. त्या कुटुंबात मला आपली माणसे दिसली आणि माझा हात आखडला.

आज वाटते, दुःख खरे होते, निष्कर्ष चुकला. विल्यम्सला सोडून द्या, अशी मागणी नव्हतीच. मृत्युदंडाऐवजी पॅरोलविना आजन्म कारावास द्या, एवढेच मागणे होते. म्हणजे तो तुरुंगातच मरणार होता. त्याने तिथे बसून १९९६ पासून मुलांना टोळ्यांपासून दूर राहायला सांगणारी पुस्तके लिहिली होती. १९९७ मध्ये टोळी काढल्याबद्दल जाहीर माफी मागितली होती. अपील फेटाळणाऱ्या संघराज्य न्यायालयानेसुद्धा २००२ मध्ये त्याच्या या कामाची दखल घेऊन गव्हर्नरांच्या दयेचा मार्ग सुचवला होता.

गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी अर्ज फेटाळला. खुनांची कबुली नाही आणि माफीही नाही, मग पश्चात्ताप खरा कसा मानायचा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हा मुद्दा हलका नाही. मृतांच्या नातेवाइकांपैकी काहींचाही दयेला विरोध होता, आणि तो करण्याचा त्यांचा हक्क मी कधीच नाकारणार नाही. पण आपण खून केलेच नाहीत, असे विल्यम्स अखेरपर्यंत सांगत होता. अशा माणसासमोर ‘आधी कबुली, मग दया’ अशी अट ठेवली, की तो निर्दोष असेल तर त्याने जगण्यासाठी खोटे बोलावे असाच तिचा अर्थ होतो. गुन्हा झाला की नाही हे न्यायालय ठरवते. दयेचा अधिकार ठेवला आहे तो त्यानंतरच्या वर्षांकडे पाहण्यासाठी.

आपल्याला हा विचार परका नाही. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी केली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश माणसाचा त्यात मोठा वाटा होता. भिंती नाहीत, शेती करायची, बायकामुलांसह राहायचे. त्याच प्रयोगावरून माडगूळकरांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. त्या सहा खुन्यांसाठी आपण डोळे पुसले. इथे खऱ्या कैद्यासाठी सही करायची वेळ आली, तेव्हा मी पेन खिशातच ठेवले.

विषय जुना झालेला नाही. गव्हर्नर न्यूसम यांनी २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या देहदंडांना स्थगिती दिली, पण कायदा तसाच आहे. तो रद्द करण्याचे प्रस्ताव मतदारांनी २०१२ आणि २०१६ मध्ये नाकारले. पुढचा कोणताही गव्हर्नर स्थगिती उठवू शकतो. शिवाय देहदंड नसलेले, पण तारुण्यात केलेल्या गुन्ह्यासाठी तीस-तीस वर्षे आत असलेले कितीतरी कैदी शिक्षा कमी व्हावी म्हणून अर्ज करतात. एकापेक्षा जास्त गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली असेल, तर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सातपैकी चार न्यायमूर्तींची शिफारसही लागते. वाट लांबची आहे, म्हणून बाहेरच्यांच्या पत्रांना किंमत आहे. आणि पत्र लिहायला नागरिकत्व लागत नाही.

आपल्यापैकी काहीजण तुरुंगात शिकवायला जातात. ज्याला तुम्ही वर्षानुवर्षे ओळखता, त्याच्यासाठी एक पानभर लिहा. त्याचा गुन्हा लपवू नका आणि ज्याचा जीव गेला त्याचा उल्लेख पहिल्या परिच्छेदातच करा. मग तुम्ही स्वतः जे पाहिले तेवढेच सांगा : कोणाला वाचायला शिकवले, कोणते भांडण मिटवले, किती वर्षे शब्द पाळला.

माझ्या एका सहीने २००५ मध्ये काही बदलले असते, असे मी म्हणत नाही. पण तो पूल ओलांडताना ते कोरे पत्र मला अजून आठवते. पुढचे पत्र मी लिहायला घेतले आहे. तुमचे मत, विरोधी असले तरी, जरूर कळवा.

आपला,
संपादक