पाचगणीतल्या बंगल्यासाठी छोटं पिस्तूल घ्यायचंय? मॉडेलचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो

जुलै-ऑगस्टमध्ये पाचगणीत पर्यटक कमी असतात. दाट धुकं, जाणारी वीज, आणि अनेक बंगल्यांत फक्त केअरटेकर किंवा एखादं वयस्कर जोडपं. अशा वेळी 'घरात एक छोटं पिस्तूल असावं' असं वाटलं तर नवल नाही. मग मोबाईलवर शोध सुरू होतो आणि समोर येतात अमेरिकन यूट्यूबर्स: ग्लॉक ४३ घ्यावं की सिग पी३६५?

गंमत अशी की यातलं एकही पाचगणीतल्या सामान्य माणसाच्या हाती लागणारं नाही. दोन्ही ९ एमएमची आहेत आणि भारतात ९ एमएम 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये मोडतं. त्याचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालय देतं, तोही मोजक्या लोकांना. अमेरिकेत शस्त्र बाळगणं हा राज्यघटनेने दिलेला हक्क आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळणारी ती फक्त परवानगी आहे.

मग मिळतं काय?

मुख्यतः पॉइंट ३२ आणि पॉइंट २२ बोअर. सरकारी कारखान्यांचं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं विकलं जातंय. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' आणलं. वजन साधारण अर्धा किलो आणि तेव्हाची किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये! सुरक्षेच्या नावाखाली आणलेली ही वस्तू किती जणींना परवडणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. २०२३ मध्ये 'प्रबल' आलं, ज्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. पिस्तूल हवं असेल तर पॉइंट ३२ चं 'अशनी' आहे.

छोटं म्हणजे सोपं, हा समज मात्र चुकीचा आहे. नळी आखूड असली की नेम धरणं अवघड जातं आणि वजन कमी असलं की हाताला झटका जास्त बसतो. पॉइंट २२ मध्ये झटका कमी, पण गोळीचा जोरही कमी. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादी गोळी उडाली नाही तर पुन्हा चाप ओढता येतो. पिस्तूल चपटं असतं, पण मॅगझीन काढल्यावरही चेंबरमध्ये एक गोळी राहू शकते. सराव नसलेल्या घरात ही एक गोळी जीव घेऊ शकते.

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदाच्या पायाला त्याच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. कपाटात ठेवताना ते हातातून पडलं, असं त्याच्या व्यवस्थापकाने सांगितलं होतं. जुन्या बनावटीच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसावर टेकलेला असतो, त्यामुळे ते घोड्यावर आपटलं तर गोळी सुटू शकते. म्हणून घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची जुनी पद्धत आहे. सेकंडहँड घेणाऱ्याने किंमत विचारण्याआधी हे विचारायला हवं.

परवान्याचं काय?

पाचगणी सातारा जिल्ह्यात, म्हणजे अर्ज साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. वय किमान २१ हवं. पोलिसांचा अहवाल, सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि शस्त्र नीट ठेवण्याची लेखी हमी, हे सगळं लागतं. आणि मुख्य म्हणजे 'गरज काय?' याचं उत्तर लागतं. 'बंगला एकाकी आहे' एवढ्यावर भागेलच असं नाही. नकार मिळाला तर अपील करता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात.

बीडमध्ये सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर जिल्ह्यातल्या १,२०० हून अधिक परवान्यांची चर्चा राज्यभर झाली आणि त्यातले शंभराहून अधिक रद्द झाले. त्याआधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली, ती हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या परवानाधारक पिस्तुलाने. त्यामुळे अर्जाच्या कागदावर 'स्वसंरक्षण' एवढंच लिहिलेलं असेल तर अधिकाऱ्याला शंका येणारच, आणि ती रास्त आहे.

घरात चोर शिरला तर गोळी झाडता येते?

भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात. सूर्यास्तानंतर घरफोडी होत असेल तर हा हक्क प्रसंगी समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर तिला स्वसंरक्षण म्हणणं कोर्टात फार कठीण जाईल.

आणखी एक गोष्ट व्हिडिओत कुणी सांगत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुका झाल्या. पुण्या-मुंबईत राहून शनिवार-रविवारी पाचगणीला येणाऱ्या बंगलेवाल्याची अडचण वेगळीच. परवाना कोणत्या क्षेत्रात चालतो ते परवान्यावरच लिहिलेलं असतं, आणि सोमवारी परत निघताना ते पिस्तूल केअरटेकरच्या भरवशावर कपाटात ठेवून जाता येत नाही.