एका साक्षीचा न्याय

‘प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले, मग खोटे कसे?’ असा प्रश्न आपण वादात नेहमी टाकतो. परंतु साक्ष खरी असूनही न्याय चुकू शकतो. याचा उत्तम दाखला आकाशात आहे.

हिवाळ्यात रात्री मृग नक्षत्र पाहावे. मृगाच्या पोटात रुतलेल्या तीन ताऱ्यांच्या बाणाजवळच एक अंधुक, ढगासारखा ठिपका दिसतो. सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर असलेला हा तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांचे सूतिकागृहच होय. तेथील कित्येक बालताऱ्यांभोवती वायूची व धुळीची तबकडी फिरत असते. अशा तबकडीतूनच ग्रह घडतात. ताऱ्याच्या उष्णतेने तापलेली ही धूळ अवरक्त किरण फेकते, आणि त्यांवरून तबकडीचा पत्ता लागतो.

आता केवळ याच किरणांवर विसंबून तरुण तारे शोधले तर काय होईल? तबकडी असलेलेच तारे चटकन हाती येतील आणि ‘सर्वच तरुण ताऱ्यांना तबकडी असते’ असा निष्कर्ष निघेल. ज्यांची तबकडी विरून गेली, ते दूरच्या वृद्ध ताऱ्यांच्या गर्दीत हरवतील.

येथे क्ष-किरण साहाय्यास येतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रामुळे तरुण तारे, तबकडी असो वा नसो, क्ष-किरणांत विलक्षण तेजस्वी असतात. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव धारण करणाऱ्या ‘चंद्रा’ या अंतराळ वेधशाळेने २००३ साली याच तेजोमेघाकडे सुमारे १३ दिवसांच्या काळात दृष्टी लावून जवळजवळ १,४०० तरुण तारे टिपले. मात्र क्ष-किरण तारा दाखवितात. त्याची तबकडी शिल्लक आहे की नाही, हे अवरक्त किरणच सांगतात.

अशा निरनिराळ्या तारकासमूहांतील दोन्ही साक्षी जुळविल्या तेव्हा कळले की, सुमारे ३० लाख वर्षांतच निम्म्या ताऱ्यांच्या तबकड्या नाहीशा होतात. म्हणजे गुरूसारख्या वायुमय ग्रहाला घडावयास फारच थोडा अवधी मिळतो. एकाच साक्षीवर विसंबलो असतो, तर ग्रहजन्माचा हिशेबच चुकला असता.

विद्यार्थिमित्रहो, वर्गात वर झालेले हात मोजून ‘एवढ्यांनाच उत्तर येते’ असे आपण ठरवितो, तेव्हा आपणही हीच चूक करतो. उत्तर येत असूनही संकोचाने गप्प बसलेला मुलगा त्या मोजणीत येतच नाही. म्हणून कोणताही निर्णय देण्यापूर्वी, ‘माझ्या पाहण्याच्या रीतीतून कोण निसटले असेल?’ हा प्रश्न स्वतःस विचारण्याची सवय शाळेतच लागली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.